चोरी सापडल्यानंतर

गेल्या काही वर्षांत महाविद्यालयांच्या आणि विद्यापीठांच्या ग्रंथालयांत एक नवा प्रश्न कानावर पडू लागला आहे : ‘‘तुमचे किती टक्के आले?’’ परीक्षेच्या गुणांबद्दल हा प्रश्न नसतो. प्रबंध किंवा शोधनिबंध संगणकाच्या चाळणीतून काढला, की त्यातला किती मजकूर इतरत्र आधी छापलेल्या मजकुराशी जुळतो ते टक्केवारीत कळते. विद्यापीठ अनुदान आयोगाने २०१८ साली याविषयी नियम केले. दहा टक्क्यांपर्यंत जुळणी चालते, त्यापुढे चाळीस आणि साठ टक्क्यांच्या पायऱ्यांवर शिक्षा वाढत जाते. साहजिकच वाङ्मयचौर्य म्हणजे एक मोजमापाचा प्रश्न आहे, यंत्र बसवले की तो सुटेल, अशी समजूत पसरली आहे.

यंत्र उपयोगी आहे, यात वाद नाही. पण वैज्ञानिक नियतकालिकांच्या जगातले एक गाजलेले वाङ्मयचौर्य असे आहे, की ते ओळखायला यंत्राची गरजच पडली नाही. निबंध हातात पडताच, केवळ वाचून, ते ओळखले गेले. मात्र त्याचा निकाल लागायला वर्षाहून अधिक काळ गेला. तो काळ कशात गेला, हे पाहण्यासारखे आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. शास्त्रज्ञ आपले काम लिहून नियतकालिकाकडे पाठवतो. संपादक ते त्या विषयातल्या दोनतीन जाणकारांकडे मतासाठी धाडतो. या जाणकारांना परीक्षक म्हणतात. त्यांची नावे लेखकाला सहसा कळवली जात नाहीत. लंडनच्या रॉयल सोसायटीचे सचिव हेन्री ओल्डेनबर्ग यांनी १६६५ साली ‘फिलॉसॉफिकल ट्रान्झॅक्शन्स’ हे नियतकालिक सुरू केले, तेव्हा अशी परीक्षणाची पद्धत नव्हती. पण एक गोष्ट त्या काळीही होती. निबंध कोणत्या दिवशी पोचला याची नोंद ठेवली जाई, कारण ‘हे मी आधी शोधले’ असे म्हणणाऱ्याला पुरावा हवा असे. शास्त्रज्ञाला त्याच्या कामाचा मोबदला पैशात मिळत नाही. ‘हे अमुक यांनी दाखवले’ एवढे एक वाक्य मिळते. ते वाक्य दुसऱ्याच्या नावे गेले, की त्याचे सगळेच गेले.

या व्यवस्थेत एक नाजूक जागा आहे. परीक्षक म्हणून योग्य माणूस निवडायचा, तर तो त्याच विषयात काम करणारा हवा. म्हणजेच तो बहुधा लेखकाचा प्रतिस्पर्धी असतो! छापून येण्याआधीचे, अजून कोणालाच ठाऊक नसलेले काम आपण विश्वासाने प्रतिस्पर्ध्याच्या टेबलावर नेऊन ठेवतो.

नोव्हेंबर १९७८मध्ये असेच एक पाकीट अमेरिकेतल्या येल विद्यापीठात डॉ. फिलिप फेलिग यांच्या टेबलावर आले. फेलिग हे मधुमेह आणि चयापचय या विषयांतले नामवंत संशोधक. पाकीट ‘न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिन’कडून आले होते. आतला निबंध होता अमेरिकन सरकारच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेतल्या (तिला सगळे ‘एनआयएच’ म्हणतात) हेलेना वाक्सलिख्ट-रॉडबार्ड यांचा. ब्राझीलहून आलेल्या या तरुण डॉक्टर जेसी रॉथ यांच्या प्रयोगशाळेत काम करीत होत्या.

निबंधाचा विषय समजून घेण्यासारखा आहे. इन्सुलिन रक्तातून वाहत असते, पण त्याचा परिणाम व्हायचा तर त्याला पेशीच्या पृष्ठभागावरच्या ठरावीक रेणूंना चिकटावे लागते. कुलूप आणि किल्लीसारखे हे असते. या रेणूंना ग्राही म्हणतात. ग्राहींची संख्या आणि त्यांची पकड शरीराच्या स्थितीनुसार कमीजास्त होते. लठ्ठ माणसांत इन्सुलिनची पकड कमी होते, हे तेव्हा माहीत झाले होते. मग अगदी उलट्या टोकाला काय होत असेल? अॅनोरेक्सिया नर्व्होसा नावाच्या विकारात रुग्ण, बहुधा तरुण मुली, वजन वाढण्याच्या भीतीने जवळजवळ अन्न सोडतात आणि अतिशय कृश होतात. रॉडबार्ड यांनी अशा रुग्णांच्या तांबड्या रक्तपेशी तपासल्या. त्यांच्यात इन्सुलिन नेहमीपेक्षा जास्त प्रमाणात चिकटत होते. रुग्ण पुन्हा नीट जेवू लागले, की ते प्रमाण मूळ पदावर येत होते. काम नेटके होते.

फेलिग यांच्या हाताखाली डॉ. विजय सोमण नावाचे तरुण सहकारी होते. ते मूळचे पुण्याकडचे. अॅनोरेक्सियाच्या रुग्णांत इन्सुलिनची पकड तपासण्याची योजना त्यांनीही आखली होती, पण ते काम पुढे सरकले नव्हते. फेलिग यांनी रॉडबार्ड यांचा निबंध मत विचारण्यासाठी सोमण यांच्याकडे दिला. निबंध नाकारावा, असे मत येलहून गेले. इतर परीक्षकांचे मत तसे नव्हते. त्यामुळे निबंध नाकारला गेला नाही, पण सुधारणांसाठी अडकून पडला.

सोमण यांनी मात्र परत पाठवण्याआधी त्या हस्तलिखिताची छायाप्रत काढून ठेवली होती. डिसेंबर १९७८च्या अखेरीला सोमण आणि फेलिग यांच्या नावाने एक निबंध ‘अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिन’कडे गेला. विषय तोच, अॅनोरेक्सिया आणि इन्सुलिनची पकड. पेशी तेवढ्या वेगळ्या होत्या : तांबड्या पेशींऐवजी मोनोसाइट नावाच्या पांढऱ्या पेशी. या नियतकालिकाच्या सहसंपादकांत स्वतः फेलिगही होते.

इथे योगायोगाने आपले काम केले. या नियतकालिकाच्या संपादकांनी हा निबंध परीक्षणासाठी पाठवला तो नेमका जेसी रॉथ यांच्याकडे. आणि रॉथ यांनी तो वाचायला दिला रॉडबार्ड यांच्याकडे.

त्यांना काय वाटले असेल, याची कल्पना करता येईल. आपलीच वाक्ये दुसऱ्याच्या नावाखाली टंकलिखित होऊन समोर आली होती. एखाद-दुसरे नाही, परिच्छेदच्या परिच्छेद शब्दशः उचललेले होते. एका पेशीवर किती ग्राही आहेत हे काढण्यासाठी त्यांनी वापरलेले समीकरणही तसेच त्यात होते. आपला निबंध नाकारा म्हणणारा अनामिक परीक्षक कोण असावा, हेही मग उघडच झाले.

वाङ्मयचौर्य ‘सापडण्याची’ गोष्ट इथे संपली. १९७९ सालचा फेब्रुवारी महिना होता. पुढची गोष्ट ते ‘हाताळण्याची’ आहे.

रॉथ आणि फेलिग हे लहानपणापासूनचे मित्र. दोघांत बोलणे झाले. फेलिग यांनी सोमण यांना विचारले. निबंध लिहिताना रॉडबार्ड यांच्या हस्तलिखिताचा आधार घेतल्याचे सोमण यांनी कबूल केले, मात्र प्रयोग आपण स्वतःच केले असे सांगितले. मग तडजोड झाली. रॉडबार्ड यांचा निबंध आधी प्रसिद्ध व्हावा, येलचा निबंध तोवर थांबावा, आणि त्यात रॉडबार्ड यांच्या कामाचा उल्लेख यावा. दोन मोठ्या प्रयोगशाळांच्या दोन प्रमुखांना हे पुरेसे वाटले. रॉडबार्ड यांचा निबंध एप्रिल १९७९मध्ये खरोखरच छापून आला.

या तडजोडीत तसे पाहिले तर कोणाचेच नुकसान दिसत नाही. रॉडबार्ड यांना अग्रमान मिळाला, सोमण यांची नोकरी टिकली, मित्रांची मैत्री टिकली. आपल्याकडे गावकीत ‘मिटवून टाका’ म्हणतात, त्यातलाच हा प्रकार. पण एका प्रश्नाचे उत्तर कोणीच दिले नव्हते आणि रॉडबार्ड तो प्रश्न सोडायला तयार नव्हत्या. जो माणूस वाक्ये उचलतो, समीकरण उचलतो, त्याने आकडे तरी स्वतः मोजले असतील कशावरून?

त्यांनी ‘न्यू इंग्लंड जर्नल’चे संपादक आर्नॉल्ड रेलमन यांना दोन्ही निबंधांच्या प्रतींसह पत्र लिहिले. नंतर येलच्या वैद्यकीय शाखेचे अधिष्ठाता रॉबर्ट बर्लिनर यांनाही लिहिले. बर्लिनर यांनी फेलिग यांना विचारले. फेलिग यांनी सोमण यांच्याकडून रुग्णांची माहिती घेतली आणि काम झालेले आहे असे कळवले. अधिष्ठात्यांचे समाधान झाले. प्रयोगाची मूळ वही यांपैकी कोणीही उघडून पाहिली नव्हती. ज्याच्या घरची गोष्ट, त्यालाच पंच नेमल्यासारखे हे झाले. रॉडबार्ड यांनी बाहेरच्या तपासणीचा आग्रह धरला. एका ज्येष्ठ शास्त्रज्ञाने ती करावी असे ठरलेही, पण महिन्यांमागून महिने गेले आणि तपासणी झाली नाही. कोणी अडवली नाही, फक्त कोणाला घाई नव्हती.

या काळात रॉडबार्ड प्रयोगशाळेत एकट्या पडत गेल्या. प्रकरण ताणून धरणारी बाई, असा शिक्का बसला. अखेर त्यांनी एनआयएच सोडले आणि रुग्णालयात काम पत्करले. जानेवारी १९८०मध्ये सोमण-फेलिग निबंध ‘अमेरिकन जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये छापून आला! तपासणी व्हायच्या आधीच. रॉडबार्ड यांनी पुन्हा उचल खाल्ली, तेव्हा कुठे बॉस्टनच्या बेथ इस्रायल रुग्णालयातले जेफ्री फ्लायर यांना तपासणीसाठी येलला पाठवण्यात आले.

फेब्रुवारी १९८०. फ्लायर यांनी काय केले? काही अवघड नाही. त्यांनी मूळ नोंदी मागितल्या. निबंधात सहा रुग्ण होते, नोंदी पाच रुग्णांच्याच निघाल्या. ज्या होत्या, त्या छापलेल्या आलेखांशी जुळेनात. विचारल्यावर आकडे आपण ‘नीट’ करून घेतल्याचे सोमण यांनी मान्य केले. आधी प्रसिद्ध करण्याचे दडपण होते, असे त्यांचे म्हणणे होते. वर्षभर जे कोणाला जमले नव्हते, ते करायला एका माणसाला काही तास लागले.

मग येलने सोमण यांच्या इतर निबंधांचीही तपासणी करवली. हे काम जेरल्ड ओलेफ्स्की या दुसऱ्या तज्ज्ञाकडे गेले. चौदा निबंध पाहिले गेले. त्यांतल्या बहुतेकांचे मूळ आकडे एकतर सापडेनात, नाहीतर छापलेल्याशी जुळेनात. मोठ्या संख्येने निबंध मागे घेतले गेले, आणि त्यांतल्या बऱ्याच निबंधांवर सहलेखक म्हणून फेलिग यांचे नाव होते. सोमण राजीनामा देऊन पुण्याला परतले. फेलिग त्याच उन्हाळ्यात कोलंबिया विद्यापीठात वैद्यक विभागाचे प्रमुख म्हणून रुजू झाले होते. दोनच महिन्यांत त्यांना ते पद सोडावे लागले.

फेलिग यांनी स्वतः एक ओळही चोरली असे कोणी म्हटले नाही. पण गोपनीय हस्तलिखित त्यांनी दुसऱ्याच्या हाती दिले, स्वतःच्या नावाच्या निबंधाची मूळ नोंद कधी पाहिली नाही, आणि तक्रार आल्यावर आपल्या माणसाच्या शब्दावर भरवसा ठेवला. यांपैकी पहिली गोष्ट तर प्रयोगशाळांतून अगदी सर्रास चाले. मी संशोधक विद्यार्थी असताना आमच्याकडे परीक्षणाला आलेल्या निबंधांच्या छापील प्रती आम्हीच वाचायचो आणि मत लिहून द्यायचो. त्या प्रती नंतर कपाटात पडून राहत. आपण काही गैर करतो आहोत असे आमच्यापैकी कोणालाच वाटले नाही. आज परीक्षकांसाठीच्या नियमांत स्पष्ट लिहिलेले असते, की संपादकाला विचारल्याशिवाय हस्तलिखित दुसऱ्याला दाखवू नये, त्याची प्रत ठेवू नये आणि हितसंबंध असेल तर परीक्षण नाकारावे.

त्याच सुमारास एलियास अल्साबती यांचे प्रकरण उघडकीस आले. त्याचा ढंग निराळा. १९७७ साली अमेरिकेत आलेले हे गृहस्थ कुठलातरी छापील निबंध घेत, नवे शीर्षक देत, लेखकाच्या जागी स्वतःचे नाव टंकलिखित करीत आणि फारशा वाचल्या न जाणाऱ्या परदेशी नियतकालिकाकडे पाठवून देत. असे सुमारे साठ निबंध त्यांच्या नावावर जमले. एका प्रयोगशाळेत तर निधन पावलेल्या शास्त्रज्ञाकडे परीक्षणाला आलेले हस्तलिखित त्यांनी उचलले. ते त्यांच्या नावाने जपानमधल्या एका नियतकालिकात छापूनही आले. गंमत अशी, की त्यांची लबाडी एकाहून अधिक ठिकाणी लक्षात आली होती. दर ठिकाणी त्यांना निमूटपणे वाट दाखवण्यात आली आणि ते पुढच्या संस्थेत रुजू झाले. फसवणूक झालेल्या एका प्रयोगशाळाप्रमुखाने नियतकालिकांना लिहिले. त्याचे पत्र १९८० साली ‘लॅन्सेट’ने छापले, तेव्हा बाहेरच्यांना पत्ता लागला. म्हणजे इथेही चोरी दिसत होती, तिची वाच्यता तेवढी होत नव्हती.

या आणि अशाच आणखी काही प्रकरणांमुळे १९८१ साली अमेरिकन काँग्रेसच्या एका उपसमितीने अल गोर यांच्या अध्यक्षतेखाली सुनावणी घेतली. पुढे १९८५च्या कायद्याने सरकारी अनुदान घेणाऱ्या संस्थांवर बंधन आले, की तक्रार आली तर तिच्या चौकशीची ठरलेली पद्धत त्यांच्याकडे हवी. नियतकालिकांच्या बाजूने पुढाकार घेतला तो ब्रिटनमधल्या काही वैद्यकीय संपादकांनी. ‘आमच्याकडे असे प्रकरण आले आहे, आता काय करू?’ हे एकमेकांना विचारण्यासाठी ते १९९७ साली एकत्र आले आणि त्यातून ‘कोप’ ही प्रकाशन-नीतीची समिती उभी राहिली. या समितीने संपादकांसाठी पायऱ्या आखून दिल्या. दोन्ही मजकूर शेजारी ठेवून पाहा. किती उचलले आहे आणि कुठले, ते ठरवा. लेखकाला पुराव्यासह विचारा. समाधानकारक उत्तर आले नाही, तर त्याच्या संस्थेला कळवा. निबंध छापून झाला असेल, तर दुरुस्ती किंवा माघार प्रसिद्ध करा. आणि तक्रारदाराला काय झाले ते कळवा. ही शेवटची पायरी पाहताना रॉडबार्ड यांची आठवण होते.

यंत्र त्यानंतर आले. २००८ साली प्रकाशकांनी आपापले निबंध एका सामाईक साठ्यात ठेवून नव्या हस्तलिखिताची त्याच्याशी तुलना करण्याची सोय सुरू केली. अल्साबती यांची पद्धत त्यामुळे जवळजवळ संपुष्टात आली, असे म्हणता येईल. पण सोमण प्रकरणाचे काय? रॉडबार्ड यांचा निबंध तेव्हा छापलेलाच नव्हता, मग साठ्यात तो असणार कुठून? यंत्राने स्वच्छ प्रमाणपत्र दिले असते. सहाव्या रुग्णाचे आकडे कुठे आहेत, हेही यंत्र विचारत नाही. उलट, प्रयोगाची कृती सांगणारी तीच ती वाक्ये कोणाच्याही निबंधात येतात आणि बिचाऱ्या प्रामाणिक विद्यार्थ्याची टक्केवारी फुगते. इंग्रजीतले पान मराठीत उतरवले तर शब्द जुळवणाऱ्या साध्या तुलनेत ते शून्य टक्के ठरते, हे शिक्षकांना सांगायला नकोच.

आपल्याकडचे एक उदाहरण सांगितले पाहिजे. २००२ साली कुमाऊं विद्यापीठाच्या कुलगुरूंचे नाव असलेला कृष्णविवरांवरचा एक निबंध युरोपीय नियतकालिकात आला. तो स्टॅनफर्डच्या रेनाटा कॅलोश यांच्या जुन्या निबंधावरून उतरवलेला होता. स्टॅनफर्डच्या सात पदार्थवैज्ञानिकांनी, त्यांत नोबेल पारितोषिक मिळालेलेही होते, राष्ट्रपती अब्दुल कलाम यांना पत्र लिहिले. चौकशी झाली, ठपका आला आणि २००३च्या आरंभी कुलगुरूंनी राजीनामा दिला. पण मधल्या काळात, हा प्रश्न मांडणाऱ्या त्याच विद्यापीठातल्या पदार्थविज्ञानाच्या प्राध्यापिकेवरच निलंबनाची पाळी आली होती. निबंध शेजारीशेजारी ठेवून कोणीही चोरी ओळखू शकला असता. त्यासाठी राष्ट्रपतींपर्यंत जावे लागले, याचे कारण निबंधात नव्हते, विद्यापीठाच्या इमारतीत होते.

२०१८च्या नियमांत प्रत्येक संस्थेने चौकशीसाठी समिती नेमावी आणि तिच्यात बाहेरचाही एक सदस्य असावा, अशी तरतूद आहे. टक्केवारीच्या चर्चेत हे कलम सहसा कोणी वाचत नाही. माझ्या मते त्या नियमांतला सर्वांत कामाचा भाग तोच आहे. बाहेरचा माणूस येतो, वही मागतो, आणि त्याला कोणाशी लहानपणची मैत्री सांभाळायची नसते.

हेलेना रॉडबार्ड पुन्हा प्रयोगशाळेच्या नोकरीत गेल्या नाहीत. त्यांनी मेरिलँडमध्ये मधुमेह आणि ग्रंथींच्या विकारांचे डॉक्टर म्हणून व्यवसाय केला आणि पुढे या शाखेतल्या अमेरिकन डॉक्टरांच्या संघटनेचे अध्यक्षपदही भूषवले. त्यांचा १९७९चा निबंध ‘न्यू इंग्लंड जर्नल’च्या तीनशेव्या खंडात पान ८८२ वर आहे. सोमण-फेलिग यांचा निबंधही जुन्या ग्रंथालयांतल्या १९८०च्या बांधीव खंडात जागच्या जागी आहे. माघारीची सूचना पुढच्या कुठल्यातरी अंकात छापलेली असते. त्या पानावर मात्र कोणी चिठ्ठी डकवली नसेल, तर सहाही रुग्ण तिथे अजून तसेच आहेत.